पर्वतीचे एक भूदृश्य : गंगाराम तांबट यांच्या जलरंगचित्रापासून डिजिटल मुद्रेपर्यंत

प्रस्तावना

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डिजिटल मुद्राचित्र हा प्रकार कलादालनांबरोबरच बँकांच्या दर्शनी भागांत, रुग्णालयांच्या प्रतीक्षागृहांत आणि आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतही स्थिरावला आहे. त्यात भूदृश्यांचे प्रमाण मोठे आहे. डोंगर, नदी, घाट, जुना वाडा असे काहीतरी चौकटीत बसवलेले असते आणि त्याखाली बहुधा काहीही लिहिलेले नसते. हे चित्र कोणी पाहिले, कोणी काढले, कोणत्या साधनाने कागदावर आणले, या प्रश्नांची उत्तरे भिंत देत नाही. कलाशिक्षणाच्या क्षेत्रात मात्र याच प्रश्नांवरून वाद होतो. डिजिटल मुद्रा ही स्वतंत्र कलाकृती मानावी की केवळ प्रत, ती मुद्राचित्रणाच्या परंपरेत बसते की छपाई-व्यवसायात, यांविषयी प्राध्यापकांमध्ये आजही एकवाक्यता नाही.

प्रस्तुत लेखात या वादाकडे पुण्याच्याच एका उदाहरणावरून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात काम करणारे चित्रकार गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट यांनी १७९५ मध्ये पर्वतीचे एक भूदृश्य जलरंगात काढले. आज ते अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुणेकराला ते पाहावयाचे असल्यास संगणकाच्या पडद्यावर किंवा डिजिटल मुद्रेच्या रूपातच पाहावे लागते. या चित्रामागील प्रेरणा कोणत्या, त्या काळी भूदृश्य कागदावर आणि पुढे छापात कसे येई आणि आज त्याची डिजिटल मुद्रा करताना नेमके काय घडते, हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून त्यांचा एकत्र विचार करणे इष्ट ठरते.

पुणे दरबारातील चितारी

सर चार्ल्स वॉर मॅलेट हे ईस्ट इंडिया कंपनीचे वकील म्हणून १७८६ मध्ये पुण्यास आले आणि १७९७ पर्यंत येथे राहिले. राजकारणाखेरीज प्राचीन लेणी, प्राणी, वनस्पती आणि लोकरीती यांविषयी त्यांना कुतूहल होते. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात अशा कुतूहलाची नोंद ठेवण्यासाठी हाताशी चित्रकार असणे आवश्यक होते. गंगाराम तांबट हे मॅलेट यांच्यासाठी काम करू लागले ते या गरजेतून. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्यांनी काढलेले चित्र १७९० चे आहे.

ही तारीख महत्त्वाची आहे. जेम्स वेल्स हे स्कॉटिश चित्रकार मुंबईस आले १७९१ मध्ये आणि पुण्याच्या दरबारात त्यांनी काम सुरू केले १७९२ मध्ये. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे त्यांनी त्याच वर्षी रंगवलेले तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. शनिवारवाड्यातील चित्रशाळेत वेल्स यांच्या हाताखाली स्थानिक चित्रकार तयार झाले, अशी माहिती आपल्याकडील इतिहासलेखनात वारंवार येते आणि त्यावरून गंगाराम हे वेल्स यांचे शिष्य एवढीच त्यांची ओळख करून दिली जाते. वेल्स यांच्या सहवासात गंगाराम यांनी यथादर्शनाचे, म्हणजे दूरच्या वस्तू लहान व जवळच्या मोठ्या दाखवण्याच्या युरोपीय रीतीचे ज्ञान वाढवले, यात शंका नाही. परंतु वेल्स येण्यापूर्वीच हा चितारी एका परकीय आश्रयदात्यासाठी प्रत्यक्ष पाहून चित्रे काढीत होता. त्यांचे निरीक्षण वेल्स यांनी घडवले, असे म्हणणे कालक्रमाला धरून होत नाही.

मॅलेट यांनी गंगाराम यांच्याकडून वेरूळच्या लेण्यांची रेखांकने करून घेतली. मॅलेट यांचा वेरूळविषयक लेख ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वेल्स स्वतः वेरूळला गेले ते १७९५ मध्ये. कार्ले, घारापुरी, कान्हेरी येथेही त्यांनी काम केले आणि साष्टीतील लेण्यांची रेखांकने करीत असताना आजारी पडून त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी एकच महिना सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात मृत्यू झाला होता. मार्चमध्ये खर्ड्याचा विजय आणि ऑक्टोबरमध्ये पेशव्याचा अंत, अशा त्या वर्षी गंगाराम यांनी पर्वतीचे चित्र काढले आहे. पुणे दरबाराच्या वैभवाचे ते शेवटचे वर्ष होते, हे आपल्याला माहीत आहे. चित्र काढणाऱ्यास ते माहीत असण्याचे कारण नव्हते.

भूदृश्याची प्रेरणा

पेशवेकालीन चित्रकलेत डोंगर, झाडे, पाणी यांची वाण नव्हती. वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे पाहिली, तर देवदेवता आणि मानवी आकृतींच्या मागे निसर्ग दिसतोच. तथापि तो प्रसंगाची पार्श्वभूमी म्हणून येतो. एखादी टेकडी हाच चित्राचा विषय आणि तिचे स्थान, उंची व बांधकाम जसेच्या तसे दाखवणे हेच चित्राचे प्रयोजन, ही कल्पना येथे नवी होती. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास विल्यम गिल्पिन यांच्या लेखनामुळे ‘पिक्चरेस्क’ दृष्टी रूढ झाली होती. खडबडीत कडे, पडके अवशेष, तिरपा प्रकाश आणि चौकटीच्या एका कडेला उभे झाड अशी तिची आवडती मांडणी. थॉमस व विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी भारतभर हिंडून याच दृष्टीने भूदृश्ये टिपली. ते १७९३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा वेल्स यांच्याबरोबर त्यांनी परिसरातील लेणी पाहिली.

गंगाराम यांच्या पर्वतीचे स्वरूप याहून निराळे आहे. ही टेकडी त्यांच्यासाठी रोजच्या परिचयाची होती. नानासाहेब पेशव्यांनी तेथे १७४९ मध्ये देवदेवेश्वराचे मंदिर उभारले आणि १७६१ मध्ये त्यांचा मृत्यूही पर्वतीवरच झाला. पायथ्याशी आंबील ओढ्याचे पाणी अडवून केलेले तळे होते आणि तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, गणपतीचे मंदिर झाले. जवळच रमणा होता. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई ती तेथे. येलच्या संग्रहात चित्राचे जे इंग्रजी शीर्षक नोंदलेले आहे, त्याचा आशय असा, की ही पुण्यानजीकची टेकडी असून पेशवे जेथे वारंवार दर्शनास जातात ती मंदिरे तिच्यावर आहेत. एवढ्या शीर्षकावरूनही चित्रामागचा हेतू कळतो. स्थळ रम्य असण्यापेक्षा त्या स्थळाला शहराच्या जीवनात जो अर्थ आहे, तो येथे महत्त्वाचा मानला आहे. आश्रयदात्यास माहिती हवी होती. चित्रकाराजवळ ती राहणाऱ्याची होती, प्रवाशाची नव्हती. माझ्या मते भूदृश्य हा परकीय प्रकार गंगाराम यांनी कसा आत्मसात केला याचे उत्तर या फरकात आहे. डॅनियल यांना स्थळाजवळ येऊन योग्य कोन शोधावा लागे. पर्वती शहरातून कोठून कशी दिसते, हे पुण्यातल्या माणसाला शोधावे लागत नाही.

ताम्रपटावरील प्रवास

अशा चित्रांची पुढची पायरी म्हणजे छाप. वेल्स यांची रेखांकने त्यांच्या मृत्यूनंतर इंग्लंडला गेली. मुंबई परिसराची बारा दृश्ये १८०० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, आणि वेरूळची चोवीस दृश्ये थॉमस डॅनियल यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. या दुसऱ्या संचासाठी वापरलेली अ‍ॅक्वाटिंटची प्रक्रिया थोडी सविस्तर समजून घेतली पाहिजे, कारण डिजिटल मुद्रेविषयी घेतले जाणारे बहुतेक आक्षेप हिच्याशी ताडून पाहता येतात.

सपाट घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रथम मेणासारखा अम्लरोधक थर देतात. त्यावर सुईने रेषा ओढली की तेवढे तांबे उघडे पडते आणि सौम्य नत्राम्लात बुडवल्यावर तेथे खाच पडते. हे झाले अम्लरेखन. त्याने रेषा मिळते, छटा मिळत नाही. छटेसाठी पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा खालून तापवतात. पूड वितळून तिचे कण तांब्याला चिकटतात आणि अम्ल त्या कणांच्या मधल्या सूक्ष्म फटींतच शिरते. अशा प्रकारे असंख्य बारीक खळग्यांचा पृष्ठभाग तयार होतो. त्यात शाई भरली की ती जलरंगाच्या हलक्या थरासारखी दिसते. आकाशाचा जो भाग अगदी फिकट हवा, तो थोड्या वेळाने काढून रोगणाने झाकायचा, उरलेला पत्रा पुन्हा अम्लात घालायचा, मग मधल्या छटा झाकायच्या, पुन्हा अम्ल, असे शेवटच्या गडद सावलीपर्यंत चालते. आकाश किती मिनिटे, कडा किती मिनिटे, हा निर्णय कोरणाऱ्याचा. छापताना बहुधा एकदोन रंगांची शाई लावीत आणि उरलेले रंग हाताने भरीत. ही पद्धत झां-बाप्तिस्त ल प्रँस यांनी १७६८ च्या सुमारास फ्रान्समध्ये विकसित केली आणि पॉल सँडबी यांनी १७७५ मध्ये वेल्स प्रांताच्या दृश्यांसाठी ती वापरून इंग्लंडमध्ये रूढ केली.

यातील दोन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते. पत्र्यावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, त्यामुळे कोरणारा मूळ रेखांकन आरशात पाहून उलटे काढीत असे. म्हणजे डोळ्याने पाहिलेले स्थळ कागदावर पोहोचेपर्यंत ते एकदा चित्रकाराच्या हाताने, एकदा कोरणाऱ्याच्या हाताने आणि शेवटी रंग भरणाऱ्याच्या हाताने नव्याने घडे. दुसरी गोष्ट, राळेच्या कणांनी पडलेले खळगे उथळ असतात. काहीशे प्रती छापल्यावर ते झिजू लागतात आणि आकाशातली मृदू छटा प्रथम नाहीशी होते. म्हणून आरंभीच्या प्रतींना अधिक मोल.

आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. गंगाराम यांचे आडनाव ज्या व्यवसायाचे, तो कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही ठोक्यांच्या आवाजाने ओळखता येतो. पुण्याच्या तांबटाच्या सहभागातून पुढे आलेले वेरूळ लंडनमध्ये छापले गेले तेही तांब्यावरच. मात्र त्या तांब्यावर त्यांचे नाव आले नाही. १८०३ च्या संचाचे शीर्षकपृष्ठ ही दृश्ये जेम्स वेल्स यांच्या रेखांकनांवरून, थॉमस डॅनियल यांनी व त्यांच्या देखरेखीखाली कोरल्याचे सांगते. लेण्यांची रेखांकने करण्यात ज्यांनी आधी श्रम घेतले, त्या गंगाराम यांचा त्यात उल्लेख नाही.

आपल्याकडे रंगीत छापील चित्रांचा प्रसार झाला तो पुढच्या शतकात आणि निराळ्या तंत्राने. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात १८७८ मध्ये सुरू केलेल्या चित्रशाळेने शिलामुद्रणाने देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघरी नेली, रविवर्मा यांच्या छापखान्यानेही तेच केले. एकेका रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरणाऱ्या या छापांत भूदृश्य पुन्हा पार्श्वभूमीलाच गेले. सरस्वतीच्या मागचे तळे कोणत्या गावचे, हे विचारण्याचे कारण कोणालाच पडले नाही.

परत आलेले चित्र

मॅलेट यांच्याबरोबर गेलेली पुण्याची चित्रे कालांतराने पॉल मेलन यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या येल येथील केंद्रात पोहोचली. हे केंद्र १९७७ मध्ये खुले झाले. हॉली शॅफर यांनी तेथील भारतविषयक साहित्यावर २०११ मध्ये प्रदर्शन मांडले आणि पश्चिम भारतातील कलाव्यवहारावरील त्यांचा ग्रंथ २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गंगाराम यांच्याविषयी आज जे सुसंगत चित्र उभे राहते, त्यात या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. परंतु सामान्य शिक्षकाच्या दृष्टीने अधिक परिणामकारक घटना वेगळीच आहे. २०११ मध्ये येल विद्यापीठाने आपल्या संग्रहांतील स्वामित्वहक्काबाहेरच्या कलाकृतींच्या उच्च प्रतीच्या डिजिटल प्रतिमा कोणालाही विनामूल्य घेता येतील असे धोरण जाहीर केले. त्यामुळे पुण्यातील एखादे महाविद्यालय, कोणाचीही परवानगी न मागता, गंगाराम यांची पर्वती आपल्या ग्रंथालयात लावू शकते. चित्र गेले दोनशे वर्षांपूर्वी. परत आले ते अंकांच्या रूपात.

अंकांचे रूप म्हणजे काय, हे सांगितल्याखेरीज पुढचे विवेचन स्पष्ट होणार नाही. चित्राचे क्रमवीक्षण करताना त्याचा पृष्ठभाग लहान चौरसांत विभागला जातो. प्रत्येक चौरसाला पिक्सेल म्हणतात आणि त्यातील तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशघटकांचे प्रमाण आकड्यांत नोंदले जाते. नेहमीच्या आठ-बिट फाइलमध्ये प्रत्येक घटकाला २५६ पायऱ्या मिळतात, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख रंगमिश्रणे. ही संख्या प्रचंड वाटते. पण जलरंगातले आकाश तिची परीक्षा पाहते. क्षितिजाजवळच्या फिकट पिवळ्यापासून वरच्या निळ्यापर्यंत जाणारा थर पुष्कळ रुंदीवर पसरलेला असतो आणि फाइलमध्ये थोडाही फेरफार केला की २५६ पायऱ्यांतील काही गळतात व आकाशात पट्टे दिसू लागतात. यासाठी सोळा-बिट फाइलवर काम करणे हिताचे. अ‍ॅक्वाटिंटमध्ये प्रथम झिजे ते आकाशच, आणि डिजिटल फाइलमध्येही प्रथम बिघडते ते आकाशच.

आकाराचे गणित सोपे आहे, पण ते न करताच छपाई केली जाते. चांगल्या मुद्रेसाठी एका इंचात ३०० पिक्सेल असावेत असा संकेत आहे. प्रतिमेची रुंदी ६,००० पिक्सेल असेल, तर मुद्रा २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर रुंद करता येते. ग्रंथालयाची भिंत मोठी आहे म्हणून तीच प्रतिमा पाच फूट रुंद छापली, तर इंचामागे केवळ १०० पिक्सेल उरतात. दुरून ते चालून जाते. जवळ गेल्यावर मंदिराच्या शिखराच्या जागी चौकोनी डाग दिसतात. संगणक मधले पिक्सेल अंदाजाने भरून देतो, परंतु तो अंदाज गंगाराम यांचा नसतो.

छपाईची प्रक्रिया

सूक्ष्म शाईकणांची फवारणी करणाऱ्या यंत्राने कलामुद्रा काढण्याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. संगीतकार ग्रॅहम नॅश आणि मॅक होलबर्ट यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेल्या नॅश एडिशन्सने मूळच्या छपाई-व्यवसायासाठी बनवलेले आयरिस यंत्र या कामी वापरले. तेथील मुद्रक जॅक डुगान यांनी त्याच वर्षी अशा मुद्रांना ‘जिक्ली’ हे नाव दिले. फवारणी या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून ते बनवले आहे. बाजाराला हे नाव फार आवडले. माझ्या मते त्याची गरज नव्हती. साध्या तंत्राला उंची नाव दिल्याने तंत्राविषयीचा संशयच वाढला. आरंभीच्या शाया द्रवरूप रंजकांच्या असल्यामुळे उजेडात काही वर्षांत विटत. पुढे रंगद्रव्याचे घन कण असलेल्या शाया आल्या आणि आम्लविरहित सुती कागदाबरोबर त्या वापरल्या असता मुद्रा दीर्घकाळ टिकते.

खरी अडचण रंगांची आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद आलेला प्रकाश परत पाठवतो. पडद्यावरचे तीन प्रकाशघटक आणि यंत्रातील निळी, किरमिजी, पिवळी व काळी शाई यांची व्याप्ती एकसारखी नसते. त्या काळच्या चिताऱ्यांच्या हाताशी असलेले हिंगूळ, नीळ, पेवडी यांसारखे रंग छपाईच्या शाईत नेमके उतरतीलच असे नाही. यासाठी विशिष्ट यंत्र, विशिष्ट शाई आणि विशिष्ट कागद यांच्या संयोगाचे रंगमापन करून एक सारणी तयार करतात. तिला प्रोफाइल म्हणतात. ही सारणी फाइलमधील आकडे त्या कागदासाठी बदलून देते. जो रंग शाईच्या आवाक्यात नाही, त्याच्या जागी कोणता घ्यावा, हे मात्र माणसाला ठरवावे लागते. अम्लात पत्रा किती वेळ ठेवावा हा निर्णय जसा कोरणाऱ्याचा, तसा हा निर्णय मुद्रकाचा.

याचा अनुभव आमच्या विभागासाठी पर्वतीची मुद्रा करून घेताना आला. शहरातील एका छपाई-केंद्राने दिलेला पहिला छाप आकर्षक होता. आकाश स्वच्छ निळे, कागद शुभ्र, टेकडी टवटवीत. केंद्रातील तरुणाने संगणकातील स्वयंचलित सुधारणा वापरली होती आणि त्या सोयीने जुन्या कागदाचा पिवळेपणा हा दोष समजून काढून टाकला होता. जलरंगात पांढरा भाग बहुधा रंगवलेला नसतो, तेथे उघडा कागदच असतो. कागद शुभ्र केला की त्यावरच्या प्रत्येक पातळ थराचा रंग बदलतो. दुसरा छाप सुधारणा न करता घेतला, तो नलिकादीपाखाली हिरवट दिसला. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात नेल्यावर तोच ठीक होता. तिसरा छाप वेगळ्या, किंचित उबदार पांढऱ्या सुती कागदावर घेतला आणि तो स्वीकारला. या तीन छापांत फाइल एकच होती. पहिल्याच छापावर समाधान मानले असते, तर ग्रंथालयात एक सुंदर चित्र लागले असते, एवढेच.

येथे एक तात्त्विक प्रश्न उरतोच. पिवळेपणा हा चित्राचा भाग आहे की काळाचा? १७९५ मध्ये तो कागद असा नव्हता. त्यामुळे पिवळेपणा ठेवणे म्हणजे गंगाराम यांच्या चित्राची नव्हे, तर येलच्या संग्रहातील आजच्या वस्तूची मुद्रा करणे, असा युक्तिवाद कोणी केला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. मी पिवळेपणा ठेवण्याच्या बाजूचा आहे. मूळ शुभ्रता कशी होती याचा आपण अंदाज करणार, आणि अंदाजाला चित्रकाराचे नाव देणार, हे मला उचित वाटत नाही.

हॉकनी यांचे उदाहरण

डिजिटल मुद्रेचा दुसरा प्रकार असा, की ज्यात आधी कागदावरचे चित्र नसतेच. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २०११ मध्ये पूर्व यॉर्कशरमधील वोल्डगेट या रस्त्यावर वसंताचे आगमन आयपॅडवर प्रत्यक्ष स्थळी जाऊन चितारले. अशी ५१ चित्रे मोठ्या आकारात कागदावर छापून आणि ३२ कॅनव्हास जोडून केलेल्या एका तैलचित्रासह ती लंडनच्या रॉयल अकॅडमीत जानेवारी २०१२ मध्ये मांडण्यात आली. पानगळीनंतरची उघडी झाडे, ओला रस्ता, पहिली पालवी असे बदल दिवसागणिक टिपण्यास हे साधन सोयीचे होते, कारण रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि पडदा स्वतः उजळ असल्याने पहाटेच्या अंधुकातही काम करता येते. प्रेरणा जुनीच, एकाच परिचित स्थळाकडे पुनःपुन्हा जाण्याची. पर्वतीकडे पाहणारा पुणेकर चितारी आणि वोल्डगेटवर उभे असलेले हॉकनी यांच्यात एवढे साम्य मला दिसते.

हॉकनी यांच्या मुद्रांना प्रत म्हणता येत नाही, कारण त्या कोणत्याही मूळ कागदाच्या प्रती नाहीत. मुद्रा हेच त्या चित्राचे कागदावरील पहिले अस्तित्व आहे. उलट, आमच्या ग्रंथालयातील पर्वती ही निःसंशय प्रत आहे. दोन्ही एकाच प्रकारच्या यंत्रातून, एकाच प्रकारच्या शाईने निघतात. यावरून डिजिटल हे विशेषण कलाकृतीचा दर्जा ठरवू शकत नाही, हे स्पष्ट व्हावे. विद्यार्थ्याने सादर केलेल्या मुद्रेविषयी परीक्षकाने विचारावयाचा प्रश्न ती संगणकावर केली का, हा नसून यातील निर्णय कोणाचे आहेत, हा असला पाहिजे. वाल्टर बेन्यामिन यांच्या प्रसिद्ध निबंधाचा आधार घेऊन यांत्रिक पुनर्निर्मितीमुळे कलाकृतीचे तेजोवलय नष्ट होते असे आपल्या चर्चासत्रांत नेहमी सांगितले जाते. गंगाराम यांच्या बाबतीत घडले ते जवळजवळ उलटे आहे. मूळ चित्र दोन शतके पुण्याच्या दृष्टीआड होते आणि पुनर्निर्मितीमुळेच ते येथे पुन्हा ज्ञात झाले.

प्रतींच्या संख्येचा मुद्दा मात्र खरा आहे. तांब्याचा पत्रा झिजतो म्हणून छापांची संख्या निसर्गतःच मर्यादित राही. फाइल झिजत नाही. हजारावा छाप पहिल्यासारखाच असतो. त्यामुळे २५ किंवा ५० प्रतींनंतर थांबण्याची मर्यादा हे केवळ चित्रकाराने दिलेले वचन असते. खरेदी करणाऱ्या संस्थेने ते लेखी घ्यावे.

नावाचा प्रश्न

पर्वतीच्या पायथ्याचे तळे आता नाही. तेथे सारसबाग आहे आणि बेटावरचा गणपती बागेतला गणपती झाला आहे. पर्वतीवरून आज दिसते ते इमारतींचे शहर. इतिहास, भूगोल आणि पर्यावरणशास्त्राच्या शिक्षकांना १७९५ चे हे भूदृश्य वर्गात उपयोगी पडेल यात संशय नाही. मात्र ते पुरावा म्हणून वापरावयाचे असेल, तर मुद्रेखालील पट्टीवर काय लिहिले आहे, याला चित्राइतकेच महत्त्व येते. ‘जुने पुणे’ एवढ्या दोन शब्दांवर पुष्कळ ठिकाणी काम भागवले जाते. अशा पट्टीमुळे १८०३ च्या शीर्षकपृष्ठावर जे घडले, ते पुण्यातच, पुणेकरांच्या हातून पुन्हा घडते.

आमच्या विभागात पट्टीच्या मजकुरावर छपाईपेक्षा अधिक चर्चा झाली. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की मॅलेट यांचे नाव प्रथम यावे, कारण चित्र त्यांनी करून घेतले. दुसऱ्यांच्या मते परदेशातील संग्रहाचे नाव मोठ्या अक्षरांत देणे हे आपल्या अगतिकतेचे प्रदर्शन होय. शेवटी मजकूर असा ठरला : चित्रकाराचे संपूर्ण नाव, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट, त्याखाली विषय व वर्ष, मग मूळ माध्यम जलरंग आणि मूळ चित्र कोठे जतन केले आहे ते, सर वॉर मॅलेट यांच्यासाठी काढलेले, असा उल्लेख, आणि शेवटच्या ओळीत ही सुती कागदावरील डिजिटल मुद्रा असून तिचा आकार किती व ती कोणत्या वर्षी छापली, ही माहिती. छापणाऱ्या तरुणाचे नावही घालावे, अशी सूचना ग्रंथपालांनी केली. तिसरा छाप त्याने स्वतःहून वेगळा कागद सुचवून काढला होता, हे त्यांना माहीत होते. त्याचे नाव पट्टीवर आहे.